पालोमारची सही

२८ एप्रिल १९४२

बाजारात चिल्लर उरली नाही. नांग बेबांगकडून सुके मासे घेतले. उरलेल्या पैशांऐवजी तिनं एक अंडं हातावर ठेवलं. ते मीठवाल्याला देऊ केलं, तर तो म्हणाला, "मायस्त्रा, मी मीठ विकतोय की कोंबड्या पाळतोय, तेच कळेनासं झालंय."

जपानी सैन्य इलोइलो शहरात उतरल्यापासून ज्यानं त्यानं आपली नाणी पुरून ठेवली आहेत. आमचं पांदुरान डोंगराच्या पायथ्याशी. इथवर ते अजून आलेले नाहीत. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे. दर वर्षी असते. या वेळी ती कधी संपणार हे कुणी सांगत नाही.

५ मे

नगराध्यक्ष डॉन कुलास यांनी बोलावलं. प्रांताच्या कागदी नोटा आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत, तेव्हा गावानं स्वतःच्या छापायच्या असं ठरलं आहे. चर्चसाठी संतांच्या मूर्ती करणारा नोंग सिद्रो लाकडी ठसा कोरतो आहे. नोटेवर रेडा हवा होता. रेड्याचे डोळे संतासारखे वर गेले आहेत. काजळी आणि खोबरेल यांची शाई. शाळेतला चित्रकलेचा कागद मी दिला.

नोटेवर तीन सह्या लागतात. तिसऱ्या सहीसाठी पाद्रीबाबांचा कारकून होता, पण तो तापानं पडला आहे.

"तुमचं अक्षर गावात सगळ्यात चांगलं," डॉन कुलास म्हणाले. "तुम्ही करा."

खजिनदार नोंग आम्ब्रो म्हणाला, "खरी नावं नकोत. कुणीही खरं नाव घालायचं नाही. उद्या ते इथं आले म्हणजे?"

डॉन कुलासांनी तिथल्या तिथे माझ्यासाठी नाव तयार केलं. रिकार्दो आग्विलार. ऐकायला भारदस्त आहे.

११ मे

आग्विलारच्या नोटा बाजारातून परत आल्या. एकही कुणी घेतली नाही.

आमच्या गावात प्रत्येकाचं आडनाव पी या अक्षरावरून आहे. स्पॅनिश राज्यात आडनावांची यादी गावोगाव वाटली, तेव्हा आमच्या वाट्याला पी आला. मी पानिसालेस, डॉन कुलास पालाब्रिका, शेजारची पेतांग पार्कोन. ए वरून आडनाव म्हणजे माणूस बाहेरचा. नांग बेबांग नोट हवेत धरून ओरडत होती, "कोण हा आग्विलार? कुठला? घर कुठंय त्याचं? उद्या पैसे मागायला मी कुणाच्या दारात जाऊन बसू?"

नोंग आम्ब्रो दुपारी दफनभूमीत जाऊन आला. सिम्प्लिसिओ पालोमार. १९०३ च्या कॉलऱ्यात घरच्या सगळ्या माणसांसकट गेला. मागे कुणी नाही.

"याला पकडायचं तर त्यांना खणावं लागेल," तो म्हणाला. डॉन कुलास पुष्कळ वेळ हसले.

१५ मे

पालोमारच्या नोटा चालल्या.

मी बाजारात उभी होते. नांग बेबांगनं नोट घेतली, उन्हात धरली, मग नाकाशी नेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "हा तरी कोण पालोमार?"

"नाव कुणाचं का असेना," नांग बेबांग म्हणाली. "हा पी मी ओळखते. या पीसाठी माझ्या बोटांवर किती पट्ट्या बसल्यात ते मला विचार. ही नोट चांगली आहे. मायस्त्राच्या हातची आहे."

सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. मी काहीतरी खरेदी केल्यासारखं केलं. टोमॅटो घेतले, गरज नसताना.

मला आवडलं. लिहायला संकोच होतो, पण आवडलं.

९ जून

शेजारच्या दोन गावांतही आमच्या नोटा जातात. डोंगरातले लोक, म्हणजे जे शरण गेले नाहीत ते सैनिक, तेही घेतात. त्यामुळे आणखी छापतो आहोत.

माझं मनगट सुजलं आहे. विद्यार्थ्यांना सांगत आले तेच मी विसरले : मनगट टेकवायचं नाही, अक्षर दंडातून यावं. निम्म्या सह्या पेतांग करते. पेतांगला मी पहिलीपासून शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर लागली. आज तिच्या आणि माझ्या नोटा टेबलावर एकत्र झाल्या आणि वेगळ्या करता आल्या नाहीत. मलाही नाही.

"यातली तुझी कुठली?" मी विचारलं.

"सगळ्याच तुमच्या," ती म्हणाली.

तिची आई नांग इसिंग खिडकीतून म्हणाली, "चोवीस वर्षांची घोडी झाली. नवरा मिळवायचं सोडून मेलेल्या माणसाच्या सह्या करत बसलीय."

"मेलेला काय वाईट, आई?" पेतांग म्हणाली. "दारू पिऊन तर येत नाही."

२२ सप्टेंबर

ते आले. सकाळी ट्रक, मागून पायी. शाळेत तळ पडला. बाकं बाहेर काढली आणि सरपण केलं.

डॉन कुलास आदल्या रात्रीच डोंगरात गेले. ठसा त्यांनी नेला की जाळला, ठाऊक नाही.

२६ सप्टेंबर

दवंडी झाली. आमच्या नोटा ज्याच्याजवळ सापडतील तो शत्रू. त्यांची शिक्का मारलेली नोट तेवढी खरी.

घरोघर चुली पेटल्या आहेत आणि स्वयंपाकाचा वास नाही. माझ्याजवळच्या मी जाळल्या. नांग बेबांगला सांगायला गेले.

"जाळू?" ती म्हणाली. "चार महिने मासे विकले ते जाळू? तुम्हीच म्हणालात ना, नोट चांगली आहे."

मी असं म्हटलं नव्हतं. ती स्वतः म्हणाली होती. पण वाद घातला नाही.

३ ऑक्टोबर

ताडी काढणारा नोंग इतोक चौकीवर सापडला. टोपीच्या अस्तरात आमची एक नोट होती. त्याला पुलाजवळ मारलं. प्रेत उचलू देत नाहीत.

नोट माझ्या हातची की पेतांगच्या, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही. त्यानं इतोकला काय फरक पडतो?

१२ ऑक्टोबर

कॅप्टनसोबत एक दुभाषा आहे, निशिगाकि. त्याला पाहिलं आणि ओळखलं. मी इलोइलोला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते तेव्हा शाळेसमोर त्याचं दुकान होतं. किसलेल्या बर्फात गोड मूग आणि दूध घालून द्यायचा. आम्ही मुली उधारीवर खायचो. आमची भाषा आमच्यासारखीच बोलतो. आता कमरेला तलवार आहे, ती त्याला लांब होते.

त्यानंही मला ओळखलं. वाकून म्हणाला, "मायस्त्रा, केस पांढरे झाले."

"तुमचेही."

एवढंच बोलणं झालं.

५ नोव्हेंबर

आज पुन्हा दवंडी झाली. येत्या रविवारी सगळ्यांनी चर्चमध्ये यायचं. रहिवासाचे पास मिळणार. ज्याला लिहिता येतं त्यानं स्वतःचं नाव लिहायचं आणि खाली आणखी एक नाव : सिम्प्लिसिओ पालोमार.

नोंग आम्ब्रो मागच्या दारानं आला. तो डोंगरात निघाला आहे. त्याची सही म्हणजे नुसती वेटोळी, ती कुणाशीही जुळेल. तरी तो निघाला आहे.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"मी गेले तर मीच होते हे सांगायला दुसरं काही लागणार नाही. मग शेजारी पेतांगचं घर आहे. नांग इसिंगला चालवत नाही."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. "लुदिंग, त्या हातानं तू वाईट लिहू शकशील?"

मी प्रयत्न केला. त्याच्यासमोरच केला, पाटीवर. अक्षर वाकडं काढलं, पण पीचा गोल आपोआप मिटला. पुन्हा काढलं. पुन्हा मिटला.

"हा हातच नसता तर बरं," तो म्हणाला आणि गेला. तो सहज म्हणाला. माझ्या मनातून मात्र ते जाईना.

७ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहिते आहे. हळू होतं. डावखुऱ्या मुलांना मी कधी या हातानं लिहू दिलं नाही.

उजवा हात भाताच्या उकळत्या पेजेत बुडवला. पातेलं उतरवताना सांडलं, असं सगळ्यांना सांगितलं. पेतांगनं कोरफड बांधली. तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता ते काय बघणार?

९ नोव्हेंबर

काल झालं ते आज लिहिते.

चर्चमध्ये पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. वेदीसमोर टेबल. एकेकानं जायचं, लिहायचं, परत यायचं. पन्नासेक माणसं झाली तेव्हा कॅप्टननं सगळे कागद टेबलावर पसरले आणि हसायला लागला. निशिगाकिला हाक मारली. सगळ्यांचं अक्षर एक. कोळ्याचं, सुताराचं, नांग बेबांगचं. तोच पी, तोच मिटलेला गोल. नवीन माणसं लिहीत होती आणि नवीन कागद जुन्यांत मिसळत होते.

कॅप्टनचं हसणं थांबलं. निशिगाकिनं सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला लिहायला कुणी शिकवलं?"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. इतकी माणसं एकाच वेळी एका माणसाकडे बघत नसली की ते लगेच कळतं.

मला पुढे बोलावलं. पट्टी सोडायला लावली. कातडी पट्टीबरोबर आली. कॅप्टननं हात उलटा केला, सुलटा केला. निशिगाकिनं विचारलं, "कधी भाजलं?" मी सांगितलं, शुक्रवारी. "दवंडी गुरुवारी झाली," तो म्हणाला. त्यानं ते आमच्या भाषेतच म्हटलं, कॅप्टनला सांगितलं नाही. पण कॅप्टनला सांगायची गरज नव्हती. त्यानं शिपायाला खूण केली.

तेव्हा पेतांग उठली. तिची पाळी अजून यायची होती. चालत टेबलाशी आली, माझ्या अंगावरून हात पुढे केला आणि टाक उचलला.

"यांचं मनगट जूनपासून कामातून गेलंय," ती निशिगाकिला म्हणाली. "गावाला विचारा. सह्या मी करायचे."

आणि तिनं लिहिलं. सिम्प्लिसिओ पालोमार. घाई नाही. मनगट टेकवलं नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्याहून चांगलं कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. कॅप्टननं खिशातून नोट काढून शेजारी ठेवली. मान हलवली.

मला ढकलून जागेवर पाठवलं. मी जागेवर बसले. हाताला कळा येत होत्या. मी बसले.

मुलगी मूर्ख आहे. मी तिला सांगून ठेवलं होतं की वाईट लिही. हिला तेवढंही जमलं नाही.

११ नोव्हेंबर

पेतांगला शाळेत कोंडलंय. तिथल्या फाटकाशी गेले. निशिगाकिला सांगितलं, कॅप्टनला भेटायचं आहे, सह्या माझ्या आहेत.

"घरी जा, मायस्त्रा."

"सह्या माझ्या आहेत. तिनं मला वाचवायला खोटं सांगितलं."

"निम्मं खोटं," तो म्हणाला. त्याला हे कुठून कळलं? "नोटेवर तीन सह्या. दोन माणसं डोंगरात, तिसरं सापडलं. शहराला कळवून झालं. तुम्ही आलात तर ते तिला सोडणार नाहीत, तुम्हालाही आत घेतील."

"तरी भेटवा."

मला माझ्याच वर्गात नेलं. फळा तसाच आहे. त्यावर त्यांनी नकाशा काढलाय. कॅप्टननं कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. मी उजव्या हातानं धरली. बोटं मिटत नाहीत. पेन्सिल पडली. पुन्हा धरली, दोन्ही हातांनी धरली, पीचा दांडा काढला, तो पानाबाहेर गेला. गोल आला नाही. मग डाव्या हातानं काढलं.

कॅप्टननं कागद बघितला आणि काहीतरी म्हणाला. दारातले शिपाई हसले.

"काय म्हणाले?"

निशिगाकि सांगत नव्हता. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाले, हिला पहिलीत बसवा."

ते माझं टेबल होतं. माझी खुर्ची. मला माझंच नाव पटवता आलं नाही, म्हणजे पालोमारचं. कोरफडीनं हात बरा होत असता तर महिन्याभरात मी लिहून दाखवलं असतं. महिनाभर थांबा असं मी निशिगाकिला म्हटलंसुद्धा. तो खाली बघून म्हणाला, "जेवण आणा तिला. तेवढं मी आत पोचवीन."

१२ नोव्हेंबर

भात आणि शेवग्याचा पाला नेला. फाटकाबाहेर थांबले. वाडगा रिकामा आला.

२० नोव्हेंबर

रोज नेते. माझ्यापुरतं रताळं आहे, तांदूळ तिला. आज वाडग्यात तिच्या कंगव्याचा तुटलेला दात होता. निरोप असेल. काय निरोप, ते कळलं नाही. नांग इसिंगनं तो घेतला आणि काचेच्या बाटलीत ठेवला.

नांग इसिंग मागावर बसून असते. सूत मिळत नाही म्हणून जुनं लुगडं उसवून तेच पुन्हा विणते.

"ती तुमच्यासारखंच लिहायची," ती आज म्हणाली. "मी तिला म्हणायचे, जरा तुझं स्वतःचं काहीतरी ठेव."

मी उद्याचा तांदूळ निवडायला घेतला.

४ डिसेंबर

नांग बेबांगकडे नोटा अजून आहेत. बांबूच्या खांबात. मी ओरडले तर म्हणते, "त्यात पेतांगच्या असतील. कशा जाळू?"

आता मी तरी त्या वेगळ्या कशा काढू?

११ डिसेंबर

पहाटे शाळेतून ट्रक निघाल्याचा आवाज आला. नांग इसिंग म्हणते, शहराच्या रस्त्याला वळला नाही, नदीकडे गेला आणि भात शिजायच्या आत परत आला. तिच्या कानांवर विश्वास ठेवता येत नाही, वय झालंय. आणि खरंच लवकर परत आला असेल तर चांगलंच आहे. रस्ता तुटलेला असणार, कुणाला नेता आलं नसणार.

दुपारी वाडगा घेऊन गेले. पहारेकऱ्यानं घ्यायला जरा वेळ लावला. आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग घेतला.

रिकामा परत मिळाला. जिवात जीव आला.

१८ डिसेंबर

नांग इसिंगला घेऊन जावं म्हणून गेले, आईचा आवाज फाटकातून ऐकू गेला तर पोरीला धीर येईल. ती दारातच बसली होती. पायाशी मडकं, त्यात पानं कुजवून चिखल कालवलेला, आणि त्यात तिनं विणलेलं नवं कापड बुडवलेलं.

"काळं कशाला करतेस?" मी म्हटलं. "अभद्र कशाला ओढवून घ्यायचं?"

"तू जा, लुदिंग. तुला उशीर होईल."

इतक्या वर्षांत तिनं मला मायस्त्राशिवाय हाक मारली नव्हती. मी रागावले. लोक इतक्या लवकर हात का टेकतात?

एकटीच गेले. निशिगाकि फाटकाशी होता. त्याला सांगितलं, नाताळला थोडं डुकराचं मांस मिळवीन. तो म्हणाला, "मायस्त्रा, रोज यायचं कारण नाही. लांब पडतं."

"लांब कसलं? शाळेत जातेय. आयुष्यभर हाच रस्ता."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. वाडगा स्वतः आत नेला.

२५ डिसेंबर

मांस मिळालं. नांग बेबांगनं दिलं, पैसे घेतले नाहीत. वाडगा चाटूनपुसून स्वच्छ. हाडंसुद्धा परत आली नाहीत.

पाद्रीबाबांनी मिस्साच्या प्रार्थनेत मेलेल्यांची नावं घेतली. त्यात पेतांगचं नाव आलं. मिस्सा संपल्यावर मी त्यांना चूक दाखवली. ते म्हणाले, "नांग इसिंगनं सांगितलं होतं." मी म्हटलं, तिला काय माहीत, ती फाटकापर्यंतसुद्धा येत नाही. रोज मी जाते.

ते बराच वेळ माझा भाजलेला हात धरून उभे राहिले. कातडी आता गुळगुळीत झाली आहे, गुलाबी. बोटं अर्धवट मिटतात.

३ जानेवारी १९४३

तांदूळ संपत आला. आज कारल्याची भाजी केली, दुसरं काही नव्हतं. नेताना वाईट वाटत होतं. पेतांगनं लहानपणापासून कारलं तोंडात घातलं नाही. नांग इसिंग मारायची, तरी ती थुंकून टाकायची. वाटलं, आज तरी वाडगा भरलेला परत येणार.

रिकामा आला. सगळं खाल्लंय. भूक काय काय शिकवते माणसाला.

पहारेकऱ्यानं निशिगाकिकडून निरोपही पाठवला. भाजी छान होती, मीठ जरा कमी हवं. उद्या कमी घालीन.